पहिल्यांदाच यूथ कॅम्पला ग्रुप लीडर? एक अख्खा दिवस कसा काढायचा ते सांगते

मे महिना लागला की मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म फिरायला लागतात. व्ही.बी.एस. (सुट्टीतली बायबल शाळा) संपतं न संपतं तोच ज्युनियर यूथ कॅम्प, आणि मग पाळकसाहेब नुकतीच बारावी झालेल्या नाहीतर कॉलेजात असलेल्या एखाद्याला उपासना सुटल्यावर दारातच गाठतात आणि म्हणतात, यंदा तू लीडर हं. नाही म्हणायची सोय नसते. घरी आल्यावर लक्षात येतं की १२ ते १५ वयाची सात-आठ पोरं आपल्या गळ्यात पडलीयेत आणि नक्की करायचं काय हे कुणीच सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पाचगणीचा कॅम्प डोळ्यासमोर ठेवून लिहितेय कारण मला तिथलं जास्त माहितीय, बाकी लोणावळा असो नाहीतर आणखी कुठे, दिवसाची घडी थोड्याफार फरकाने हीच असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे टेन्शन अर्धं होईल. वचन, म्हणजे बायबलमधला संदेश, सांगायला वक्ता असतो, गाण्यांना वर्शिप टीम असते, जेवणाला आचारी आणि मावशी असतात, हिशोबाला कमिटी असते. लीडरचं काम या सगळ्याच्या मधल्या वेळात असतं. बाथरूमच्या लाईनीत, ताट धुताना, ग्राउंडवरून परत येताना, दिवे गेल्यावर. सेशनमध्ये ऐकलेलं पोरांना पचतंय की नाही ते तिथेच कळतं, म्हणून तुम्हाला भाषण येत नसेल तरी काही बिघडत नाही, पण तुम्ही मधल्या वेळात मोबाईल घेऊन बसणार असाल तर मात्र बिघडतं.

आदल्या रात्रीच करायची कामं

पहिला दिवस बराचसा प्रवासातच जातो. हायवे सोडून सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं आणि वाईच्या पुढे पसरणी घाट लागला की एक तरी पोरगं पिवळं पडतंच, त्यामुळे रिकाम्या पिशव्या हाताशी आणि असं पोरगं पुढच्या सीटवर. ते झालं की रात्री झोपायच्या आधी तुमच्या ग्रुपचे फॉर्म मागून घ्या आणि एका छोट्या वहीत उतरवा: कुणाला दमा आहे, पंप कुठल्या बॅगेत आहे, कुणाला शेंगदाणे किंवा अंडं चालत नाही, रोजची गोळी कुणाची, आईचा नंबर आणि बाबांचा नंबर वेगळा वेगळा. फॉर्म ऑफिसात असतात आणि पोटात दुखायला लागतं रात्री दोनला, म्हणून वही. आणि आईवडिलांनी लिहून दिल्याशिवाय कुठलीच गोळी स्वतःच्या मनाने द्यायची नाही, डोकेदुखीचीसुद्धा नाही.

दरवर्षी एक-दोन मुलं मित्राबरोबर म्हणून येतात, घरचे ख्रिस्ती नसतात. त्यांचं स्वागतच आहे, पण हा ख्रिस्ती कॅम्प आहे, इथे रोज बायबल वाचतात आणि प्रार्थना होते हे माहीत असून पाठवतोय असं त्यांच्या आईवडिलांच्या सहीचं पत्र फाईलला आहे का हे संचालकांना विचारून घ्या. नसेल तर त्याच रात्री घरी फोन व्हायला पाहिजे आणि तो पाळकसाहेबांनी करायचा, तुम्ही नाही.

मोबाईल गोळा करायचे असतील तर प्रत्येकाचा वेगळ्या पाकिटात, नाव घालून. संध्याकाळी घरी बोलायला दहा मिनिटं मिळतील हे आधीच सांगा, म्हणजे अर्धी रडारड तिथेच संपते.

सकाळी पावणेसहा

घंटा सहाला असेल तर तुम्ही पाव तास आधी उठा, तोंड धुवा, कारण एकदा घंटा झाली की तुम्हाला स्वतःसाठी पाच मिनिटंही मिळणार नाहीत. मेमध्येसुद्धा पाचगणीची पहाट गार असते आणि जालना, नगर, संभाजीनगरहून आलेली पोरं चाळिशीच्या उन्हातून निघालेली असतात, त्यांच्याकडे स्वेटर नसतोच. एक-दोन जादा शाली नाहीतर जुने स्वेटर बॅगेत टाकून न्या.

पाण्याचं बघा. मेअखेरीला डोंगरावर पाणी जपूनच वापरावं लागतं, कित्येक ठिकाणी टँकरवरच चालतं, त्यामुळे माणशी एक बादली म्हणजे एकच बादली. निम्म्यांची अंघोळ सकाळी आणि निम्म्यांची संध्याकाळी खेळून आल्यावर अशी विभागणी केली की लाईन आटोक्यात राहते. मुलींच्या बाजूला ताईने पॅड कुठे ठेवलेत आणि टाकायचे कुठे हे पहिल्याच सकाळी सगळ्यांना एकदम सांगून टाकायचं, एकेकीला विचारायला लावायचं नाही. तेरा वर्षांची पोरगी लाजेपायी दिवसभर गप्प बसेल पण विचारणार नाही.

शांत समय

म्हणजे ज्याने त्याने शांतपणे बायबल वाचायची वेळ, साधारण पावणेसात ते सव्वासात. बऱ्याच नव्या लीडर्सना वाटतं की पोरांना झाडाखाली बसवलं, बायबल उघडायला लावलं की झालं. नाही होत. पोरं पानं उलटतात, मुंग्या बघतात, दोघं तर बसल्या बसल्या झोपतात. त्यांना करायला काहीतरी ठरावीक लागतं.

मी मार्कचं शुभवर्तमान घेते, बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक. १६च अध्याय आहेत, प्रसंगामागून प्रसंग येतात, कुठे अडकायला होत नाही. एका दिवसाला एकच प्रसंग, उदाहरणार्थ मार्क ४:३५-४१, तारवातलं वादळ. सात ओव्या (बायबलमधली वचनं), बस. मग वहीत तीन गोष्टी लिहायच्या: इथे कोण कोण आहे, कोण कशाला घाबरलंय, आणि मी त्या तारवात असतो तर काय ओरडलो असतो. तिसऱ्या प्रश्नाला पोरं जागी होतात. कुणीतरी लिहितं, मी आधी लाईफ जॅकेट शोधलं असतं. हसा, पण ते उत्तर बरोबरच आहे, तिथूनच पुढे बोलता येतं की शिष्यांनीही आधी तेच केलं असणार, त्यातले काही तर मच्छीमार होते.

आता एक अडचण जी कुणी सांगत नाही. ग्रुपमध्ये अर्धी पोरं पुण्या-मुंबईची इंग्लिश मीडियमची असतात, त्यांना मराठी बोलता येतं पण मराठी बायबल वाचताना ‘करिंथकरांस’सारख्या पुस्तकाच्या नावावरच गाडी अडते. आणि संगमनेर-श्रीरामपूरकडची पोरं ते धडाधड वाचतात, पण तीच पोरं शहरातल्यांसमोर इंग्लिशला बिचकून मागे बसतात. म्हणून मोठ्याने वाचन गावाकडच्या पोरांना द्या. दोन दिवसात ग्रुपचं वजन बदलतं, शहरातला पोरगा येऊन विचारतो, हा शब्द कसा वाचायचा रे. मात्र सक्तीने कुणालाच वाचायला उभं करू नका, काही मुलांना खरंच वाचनाची अडचण असते आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं शिताफीने लपवलेली असते.

नाश्ता पोहे नाहीतर उपमा. त्याबद्दल एवढंच की कोण खात नाहीये ते बघून ठेवा.

सकाळचं सेशन आणि ग्रुप डिस्कशन

आधी गाणी. ॲक्शन साँगला हातवारे करायला तुम्हाला लाज वाटली तर ग्रुपमधलं एकही पोरगं हात हलवणार नाही, विशेषतः चौदा-पंधराचे मुलगे, ते खिशात हात घालून उभे राहतात आणि तुमच्याकडे बघत असतात की दादा करतोय का. कीबोर्ड-गिटारवरची हिंदी-इंग्लिश गाणी चालतातच, पण एखाद्या दिवशी ढोलकी आणि टाळ काढून ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातलं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन लावा. टिळक १८६१ ते १९१९ मधले, म्हणजे पोरांच्या पणजोबांच्याही आधीचे, तरी ठेका धरला की हॉल उठतो. उलट ज्यांना गिटारवाली गाणी पाठ नसतात ती पोरं इथे पुढे येतात.

वक्ता बोलत असताना तुम्ही पोरांच्या मध्ये बसायचं. मागे सगळे लीडर एकत्र बसून फोटो टाकत बसलेले मला अजिबात आवडत नाहीत.

पाठांतराचं वचन हा वेगळाच तमाशा. ‘आवडीचं वचन पाठ करून या’ म्हटलं की निम्मी पोरं योहान ११:३५ घेऊन येतात, कारण ते दोन शब्दांचं आहे. आधीच सांगून टाका की ते चालणार नाही. १ तीमथ्य ४:१२ घ्या, तरुणांसाठीच आहे, त्यात बोलणं, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता असे पाच मुद्दे येतात, पाच बोटांवर पाच मोजले की संध्याकाळपर्यंत पाठ.

मग डिस्कशन. सात-आठ जण, गोल बसून, पाऊण तास. इथे नवीन लीडर दोन चुका करतात, एकतर वक्त्याचं सगळं भाषण परत सांगतात, नाहीतर ‘काय शिकलात?’ असं विचारतात आणि मग पोरं ‘देव प्रेम आहे’, ‘प्रार्थना करावी’ अशी सन्डे स्कूलची तयार उत्तरं देतात आणि पाच मिनिटांत विषय संपतो. त्यापेक्षा असं विचारा: आज जे ऐकलं ते सुट्टीनंतर शाळेत करायला गेलं तर कुठे फाटेल? आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. अर्धं मिनिट कुणी बोलत नाही, तुम्हाला घाम फुटतो, पण कुणीतरी बोलतंच.

आणि जे निघतं ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा. वर्गात विचारतात की तुम्ही ख्रिश्चन म्हणजे घरी इंग्लिशच बोलता ना? तुमचं आडनाव तर आमच्यासारखंच आहे, मग तुम्ही ख्रिश्चन कसे? दिवाळीला फराळ करता का? एकजण सांगतो, मित्र डब्यातलं खात नाही. एकीला घरात आईबाबांच्या भांडणाचा कंटाळा आलेला असतो, एकाला नववीत कमी पडलेले मार्क अजून घरी सांगायचेत. यातल्या प्रत्येकाला लगेच वचन चिकटवू नका. आधी बाकीच्यांना विचारा, तुमच्याबरोबर असं झालंय का? चार हात वर गेले की ज्याने सांगितलं त्याचे खांदे खाली येतात, दिसतं ते.

शाळेतल्या असल्या प्रश्नांना उत्तर देता यावं म्हणून थोडा इतिहास तुम्हालाही माहीत हवा. अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांच्या अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात मुंबईत १८१३ ची, नगरला ते १८३१ ला पोचले. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत बायबलचं भाषांतर केलं, १९२२ ला त्या वारल्या. म्हणजे ‘तुम्ही लोक बाहेरचे’ असं कुणी म्हणालं तर भांडायची गरज नाही, शांतपणे एवढं सांगितलं तरी पुरतं.

कुणी हात वर केला तर

सेशनच्या शेवटी वक्ता प्रार्थनेला बोलावतो, काही मुलं पुढे जातात, काही रडतात. इथे माझं मत ठाम आहे. तुमच्या ग्रुपमधून किती जण उठले हे मोजू नका आणि त्यांचे फोटो तर मुळीच काढू नका. तेरा वर्षांचं पोरगं मित्र उठला म्हणूनही उठतं. त्याला नंतर वेगळं बसवून साधं विचारा, तुला काय वाटलं, कशासाठी प्रार्थना करू? एवढंच. बाप्तिस्मा, मंडळीचं सभासदत्व वगैरे विषय त्याचे आईवडील आणि पाळकसाहेब बघतील. मित्राबरोबर आलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या मुलाला तर पुढे जा म्हणून कोपरानेही ढोसायचं नाही, तो जागेवर शांत बसला तर ते अगदी ठीक आहे.

आणि हे नीट वाचा. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीच बसायचं नाही. झाडाखाली, व्हरांड्यात, जिथे दुसरा लीडर बघू शकतो तिथे. मुलीबरोबर ताई, मुलाबरोबर दादा. एखादं लेकरू म्हणालं की ‘एक सांगू का, पण कुणाला सांगणार नाही असं प्रॉमिस करा’, तर प्रॉमिस करू नका. म्हणा, मी गावभर करणार नाही, पण तुला कुणी त्रास देत असेल तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल. २०१२ चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे आणि लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘मंडळीची बदनामी होईल’ हे कारण तिथे चालत नाही. खोदून खोदून प्रश्न विचारू नका, ऐका, मुलाच्या शब्दांत लिहून ठेवा आणि त्याच दिवशी संचालकांकडे जा. ते टाळाटाळ करायला लागले तरी तुमची जबाबदारी संपत नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, वहीच्या पहिल्या पानावर लिहा, शेजारी ॲम्ब्युलन्सचा १०८ आणि पोलिसांचा ११२.

दुपार

जेवणाची प्रार्थना लहान ठेवा, डाळ गार होते. ताट ज्याचं त्याने धुवायचं, आणि तुम्ही तुमचं त्यांच्याबरोबर लाईनीत उभं राहून.

दुपारची विश्रांती ही कॅम्पमधली सगळ्यात धोक्याची वेळ, भांडणं, चिडवाचिडवी, कुणाची तरी चप्पल छपरावर, सगळं याच तासात. झोपा म्हणून ओरडण्यापेक्षा ज्यांना झोप नाही त्यांना बाहेर घेऊन बायबल क्विझची तयारी करा. नेहमीचे प्रश्न ठरलेले: पुस्तकं किती, ६६, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७, सगळ्यात मोठा अध्याय स्तोत्र ११९, त्यात १७६ ओव्या, सगळ्यात छोटा त्याच्या जवळच, स्तोत्र ११७, दोनच ओव्या. मग वचन शोधायची शर्यत, बायबल बंद करून डोक्यावर धरायचं, तुम्ही ‘हबक्कूक ३:१७’ म्हणायचं आणि जो आधी सापडवून वाचेल त्याला पॉईंट. ओबद्या आणि फिलेमोन सांगितलं की हमखास गोंधळ, दोन्हीला एकच अध्याय. मोबाईलवर बायबल वाचणाऱ्यांना इथे कळतं की पुस्तकांचा क्रम आपल्याला येतच नाही.

खेळ, टेबललँड आणि ऊन

चारनंतर बाहेर. लगोरी, डॉजबॉल, रस्सीखेच, काहीही चालतं, फक्त टीम तुम्ही पाडा, पोरांना निवडायला लावू नका, शेवटी उरणारं पोरगं रोज तेच असतं.

टेबललँडवर, म्हणजे पाचगणीच्या वरच्या पठारावर, नेणार असाल तर निघताना मोजणी, वर पोचल्यावर मोजणी, खाली उतरल्यावर मोजणी. पठाराच्या कड्याकडे सेल्फीला कुणी जायचं नाही, पुढे एक लीडर आणि सगळ्यात मागे एक. हातात खाऊच्या पिशव्या नकोत, माकडं येतात. आणि मेमधला वळीव विसरू नका: दुपारनंतर ढग भरून आले, गडगडायला लागलं की ‘थोडं खेळू द्या ना ताई’ ऐकायचं नाही, लगेच खाली. मोकळ्या पठारावर विजेच्या वेळी आपणच सगळ्यात उंच असतो, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट.

गार हवेत तहान कळत नाही त्यामुळे पोरं पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. ओआरएसची पुडी विरघळवायच्या आधी तिच्यावर किती पाण्यात ते वाचा, मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी एका ग्लासची, मोठी पुडी ग्लासात घातली तर फायदा नाही, त्रासच. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

नाटुकली आणि शेकोटी

संध्याकाळी प्रत्येक ग्रुपला नाटुकली बसवायला सांगतात. उधळ्या पुत्राचा दाखला (येशूने सांगितलेली गोष्ट) घ्या, लूक १५, कारण त्यात सगळ्यांना काम मिळतं. अडचण एकच, बाप व्हायला कुणी तयार नसतं आणि डुकरं व्हायला पाच जण. करू द्या. संवाद पाठ करून घेऊ नका, त्यांच्या भाषेत बोलू द्या, धाकटा पोरगा बापाला म्हणाला ‘पप्पा, माझ्या हिश्श्याचं आत्ताच गुगल पे करा’ तर हॉल कोसळतो आणि दाखलाही बरोबर कळतो. मोठ्या भावाचा भाग मात्र कापू नका. घरात राहून, सगळं नीट करून रुसलेला तो भाऊ ग्रुपमधल्या कुठल्यातरी शहाण्या मुलीला बरोबर लागतो, आणि डिस्कशनला गप्प बसलेली तीच नंतर बोलायला येते.

शेकोटी कॅम्पवाल्यांनी दिलेल्या जागेतच. गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि महाबळेश्वर-पाचगणी हा पट्टा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपलेला भाग, आहे, त्यामुळे रानातून लाकडं तोडून आणणं वगैरे डोक्यातही आणू नका. शेजारी दोन बादल्या पाणी आणि वाळू, नायलॉनची जॅकेटं आगीपासून लांब.

शेकोटीला साक्षी होतात, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव एकेकजण सांगतो. छान होतात, पण तिथे कधी कधी अशी चढाओढ लागते की कुणाचं दुःख जास्त मोठं. लीडरने आपली साक्ष साधी ठेवली, दोन-तीन मिनिटांची, ‘परीक्षेच्या वेळी घाबरलो होतो’ एवढीच, तर पोरांनाही वाटतं की आपल्याकडे भयंकर काही घडलेलं नसलं तरी बोलता येतं.

दिवे गेल्यावर

दहाला दिवे बंद म्हणजे साडेदहाला शांतता. याच वेळेला घरची आठवण येते. दिवसभर मस्ती करणारा पोरगा उशीत तोंड घालून रडतो. ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस’ म्हणायचं नाही आणि लगेच घरी फोनही लावून द्यायचा नाही, आईचा आवाज ऐकला की बांध फुटतो आणि तिकडे आईही रात्रभर जागी. दुसऱ्या लीडरला सांगून त्याला व्हरांड्यात आणा, पाणी द्या, घरी आत्ता काय चाललं असेल ते त्याला सांगू द्या, आणि उद्या सकाळचं एखादं काम त्याच्या नावावर करा, घंटा वाजवायचं म्हणा. सकाळी लवकर उठायचंय म्हणून तो झोपतो. तरीही थांबलंच नाही किंवा अंग गरम लागलं तर मात्र संचालकांना उठवा आणि घरी कळवा, लाजू नका.

पोरं झोपली की लीडर्सची मीटिंग. इथे गाऱ्हाणी आटोपती ठेवा आणि वही काढा: कोण जेवलं नाही, कुणाची गोळी राहिली, कोण कुणाला चिडवतंय, उद्या कुणाशी बोलायचं. मीटिंग अकराच्या पुढे गेली तर सरळ उठा, झोप नसलेला लीडर दुसऱ्या दिवशी पोरांवर खेकसतो. आणि गादीवर पडायच्या आधी उद्याचं पाठांतराचं वचन आपल्याला येतंय का ते एकदा म्हणून बघा, नाश्त्याच्या लाईनीत पोरं पहिलं तुम्हालाच म्हणायला लावतात.